माया ठेवून शिवलेला फ्रॉक

माझी उंची पाच फूट अकरा इंच, म्हणजे १८० सेंटीमीटर. जपानी बायकांची सरासरी उंची १५८च्या आसपास. मला जे कपडे जिवापाड आवडतात ते या दुसऱ्या आकड्यासाठी शिवलेले असतात. घंटेसारखा फुललेला गुडघ्यापर्यंतचा घेर, आत थरांचा पेटीकोट, गळ्याशी लेस, कमरेला बो, डोक्यावर बॉनेट. या फॅशनचं नाव लोलिता. मी तोक्योत नोकरी करते, निशी-कासाईला राहते. तिथल्या जिन्यात संध्याकाळी फोडणीचा वास येतो आणि लिफ्टमध्ये हमखास कुणीतरी मराठी बोलत असतं. रविवारी मी त्याच लिफ्टमधून हे सगळं घालून खाली उतरते.

नावामुळे होणारा गोंधळ आधी मिटवते. नाबोकोव्हची १९५५ सालची कादंबरी आठवून लोक भुवया उंचावतात. पण हे कपडे अंग दाखवण्यासाठी नाहीतच. गळा बंद, बाह्या लांब, पायांत मोजे, घेराखाली ब्लूमर्स. जुन्या युरोपातल्या बाहुल्यांचे आणि लहान मुलींचे फ्रॉक जपानी मुलींनी उचलले आणि स्वतःसाठी नव्याने रचले. कुणाला आवडावं हा हेतूच नाही. उलट बहुतेक पुरुषांना हे कपडे काय आहेत तेच कळत नाही, आणि घालणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

मला मात्र इथवर यायला वेळ लागला, कारण माझ्या वाट्याला नाजूक काही कधी आलंच नव्हतं. सांगलीच्या शाळेत मी कायम शेवटच्या रांगेत. गॅदरिंगच्या कोळीगीतात मी कोळी व्हायचे, कोळीण कधीच नाही. नाटकात मावळा, पहारेकरी आणि एकदा तर वडाचं झाड. अकराव्या वर्षी परकर पोटऱ्यांवर आला आणि घरात ठरून गेलं, की आता हिला सलवार-कमीजच बरी. कॉलेजात पोक काढून चालायची सवय लागली. पुढे स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा फोनवर ‘मुलगी जरा उंच आहे हं’ हे वाक्य घरात इतक्या हळू आवाजात बोललं जायचं, की जणू काही जुनं दुखणं लपवायचंय.

तोक्योत आल्यावर हाराजुकूला गेले. तिथलं लाफोरे हे दुकानांचं संकुल १९७८पासून उभं आहे आणि या फॅशनच्या चाहत्यांचं ते पंढरपूर. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ हा ब्रँड १९८८चा. गॉथिक बाजूचा ‘मुआ-मेम-मुआत्ये’ १९९९चा. तो मालिस मिझेर या बँडचा गिटारिस्ट माना यानं सुरू केला. माना पुरुष आहे आणि स्टेजवर लांब झगे घालूनच उभा राहायचा. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे या कपड्यांत कुणी शिरायचं याचा नियम पहिल्यापासूनच सैल होता.

एका दुकानातली विक्रेती मात्र तेवढी सैल नव्हती. मी गुलाबी फ्रॉककडे बोट दाखवलं, तर ती गोड हसून मला दुसऱ्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार, झालरीचा शर्ट. या शैलीला ‘ओउजी’ म्हणतात, म्हणजे राजपुत्र. ‘उंच आहात ना, फार शोभेल,’ ती म्हणाली. तिचा हेतू चांगला होता आणि शैलीही सुंदर आहे. पण मला आतून एकच वाक्य ऐकू आलं : परत कोळी!

मी गुलाबी फ्रॉकच घेतला. घरी आणून घातला आणि आरशासमोर उभी राहिले. कपड्याची उंची ९० सेंटीमीटर. कंबर बरगड्यांवर आली. घेर गुडघ्याच्या चार बोटं वर, आणि पेटीकोट घातल्यावर आणखी दोन बोटं वर, कारण कापड फुगलं की ते वर उचललं जातं. ब्लाउजच्या बाह्या मनगटाच्या अलीकडेच संपल्या. नाजूक सोडाच, धाकट्या बहिणीचा फ्रॉक हिसकावून घातल्यासारखं दिसत होतं.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. आई शिवणकाम करते, अर्ध्या गल्लीचे ब्लाउज तिच्या मशीनखालून गेले आहेत. ‘हे काय घातलंयस’ हा प्रश्न येणार म्हणून मी तयार होते. तिनं चष्मा लावला आणि म्हणाली, ‘उलटा करून दाखव.’ मी आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. ती म्हणाली, ‘अगं, यात मायाच ठेवलेली नाही.’

शिवणात पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. माझ्या लहानपणी आई प्रत्येक फ्रॉकला तळाशी चार बोटं माया ठेवायची आणि दरवर्षी एकेक दुमड उसवायची. जुन्या दुमडीची फिकट रेघ कापडावर राहायची, ती मला तेव्हा आवडायची नाही. जपानलाही ही कल्पना नवी नाही. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर दुमडी घालतात आणि मूल वाढलं की त्या सोडतात. मोठ्या बायकांचा किमोनोही अंगापेक्षा लांब असतो, जास्तीचं कापड कमरेशी दुमडून घेतात. फक्त रेडीमेड कपड्यात ही सोय उरलेली नाही. बऱ्याच लोलिता फ्रॉकना पाठीत इलॅस्टिकच्या चुण्या असतात, त्यामुळे छाती-कंबर थोडी कमीजास्त चालते. रुंदीला हा कपडा समजून घेतो, उंचीला नाही.

मग आम्ही दोघींनी माया बाहेरून लावायची ठरवली. उंच मैत्रिणींच्या उपयोगाचं आहे म्हणून तपशिलात सांगते. सगळ्यात आधी खांद्याच्या पट्ट्या. त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा जोडून त्या पाच सेंटीमीटरनं वाढवल्या. त्यामुळे कंबर कमरेवर आली आणि घेरही तेवढाच खाली उतरला. बहुतेकींचं लक्ष फक्त खालच्या कडेकडे जातं, पण खरी गडबड कमरेत असते. ती जागेवर आली की अर्धं काम झालं. मग आत घालायला एक साधा सुती घागरा शिवला, त्याला तळाशी दहा सेंटीमीटरची लेसची झालर. ती फ्रॉकखालून डोकावते आणि मुद्दाम केल्यासारखी दिसते, कारण ती मुद्दामच केलेली असते. पेटीकोट कपकेकसारखा गोल फुगणारा न घेता खाली पसरत जाणारा घेतला. आखूड बाह्यांसाठी मनगटावर बांधायचे लेसचे कफ वेगळे मिळतात. बो मात्र मोठा हवा. छोटा बो माझ्या डोक्यावर हरवतो, आंब्याच्या झाडावर चिमणी बसावी तसा.

हे सगळं करताना मला ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या मासिकाचे जुने अंक सापडले. ते २००१ साली सुरू झालं आणि २०१७ साली बंद पडलं. त्यात फोटोंबरोबर शिवणाचे कागदी साचेही असायचे. म्हणजे ही फॅशन काचेमागे टांगलेली आणि आपण तिच्यात मावायचं, असा मामला कधीच नव्हता. कित्येक मुली घरी मशीनवर बसून स्वतःच्या मापाचं शिवत होत्या. आईला एका साच्याचे फोटो पाठवले. तिला जपानी येत नाही, पण साचा वाचायला तिला भाषा लागली नाही. बाण कुठे, दुमड कुठे, तिनं बरोबर ओळखलं. आता ती सांगलीत माझ्यासाठी निळा फ्रॉक शिवते आहे. तळाशी चार बोटं माया ठेवलीय म्हणे. ‘आई, मी आता वाढणार नाहीये,’ मी म्हटलं. ‘असू दे,’ ती म्हणाली, ‘कापड आहे तर ठेवायची.’

आत्मविश्वासाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी हेच कंबर-पट्ट्या-झालर सांगत बसते आणि त्यांची थोडी निराशा होते. त्यांना एखादा मंत्र हवा असतो. माझा अनुभव असा, की कपडा मापाचा नसेल तर दिवसभर हात तो खाली ओढण्यात जातो आणि खांदे आपोआप आत येतात. माप नीट बसलं की हात मोकळे होतात. फुललेल्या घेरात पोक काढून चालताच येत नाही, पाठ वाकवली की पुढचा भाग लोंबतो आणि मागचा वर जातो. वीस वर्षं ‘ताठ चाल’ म्हणून घरच्यांनी सांगितलं ते जमलं नव्हतं. ते या पेटीकोटनं दोन रविवारांत जमवलं.

बघतात का लोक? बघतात. ट्रेनमध्ये लटकणाऱ्या जाहिराती माझ्या डोळ्यांसमोर येतात, आणि बाकी सगळा डबा मला दिसतो. गुपचूप फोटो काढणारे असतात, हसणाऱ्या शाळकरी मुली असतात. पण लोक माझ्याकडे सांगलीतही बघायचेच, साध्या कुर्त्यातसुद्धा. पाच फूट अकरा इंचांना लपायची सोय कुठेच नसते. फरक एवढाच, की तेव्हा ते जे बघायचे त्यात माझं स्वतःचं काही नव्हतं. आता बो मी निवडलेला असतो, आणि झालर मी आणि आईनं मोजून लावलेली असते.

मागच्या महिन्यात सहा सेंटीमीटर टाचेचे गुलाबी बूट घेतले. जपानी दुकानांत माझ्या मापाचे मिळत नाहीत, म्हणून माप देऊन बनवून घेतले. ते घातले की मी १८६ होते. गरज काहीच नव्हती. रंग आवडला.