ल मान्सच्या किमतीत

जुन्या मालाच्या खरेदीत विकणाराच मालाविषयी अधिक जाणतो, असा व्यवहारातला सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत जुन्या ‘मसल कार’ शोधणाऱ्यांच्या जगात मात्र पुष्कळदा याच्या उलट असते. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवून त्या तरुणांना परवडेल अशा किमतीत विकल्या गेल्या. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही त्यांतली अग्रणी. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार त्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन चालत नसे. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन ‘ल मान्स’ या मॉडेलवरील ऐच्छिक जोड म्हणून विकायला काढले आणि नियमातून वाट काढली. व्यापाऱ्याला कौतुक वाटावे अशीच ही युक्ती! पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे विम्याचे चढे दर, धुराचे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी या गाड्यांची हौस ओसरवली आणि कित्येक गाड्या गोदामांत, गवताच्या कोठारांत जाऊन पडल्या.

त्या युक्तीचा भार मात्र आजच्या ग्राहकावर पडतो. जीटीओ ही केवळ जोड असल्याने १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या चॅसी क्रमांकावरून ती जीटीओ की साधी ल मान्स, हे कळत नाही. साध्या गाडीवर जीटीओची अक्षरे चिकटवून चढ्या भावाने विकणारे म्हणूनच निपजले.

ओहायो राज्यातील एका खेड्यात लोखंडी सामानाचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांपुढे नेमका उलटा प्रसंग आला. एका वृद्ध विधवेच्या कोठारात १९६४ ची गाडी धूळ खात उभी होती. नोंदणीपत्रावर ल मान्स, बॉनेट बदललेले, अंगावर एकही बिल्ला नाही. बाई ल मान्सचीच किंमत सांगत होत्या. गृहस्थांनी रीतीप्रमाणे तपासणी केली. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांनी पत्र्यावरून फिरवले. मागच्या चाकांच्या वर ते चिकटेना, म्हणजे तिथे गंजावर लांबी भरलेली. डिकीचा तळ हाताने मोडावा इतका कुजलेला. मागच्या काचेखालच्या पन्हळीत वर्षानुवर्षे पाणी साचले होते. (गंजाची दुरुस्ती इंजिनाच्या दुरुस्तीहून महाग पडते, हे नवख्याला उशिरा उमगते.) शेवटी इंजिनाच्या पुढच्या भागावरचे किटण पुसले, तेव्हा ठोकलेली अक्षरे दिसली. ती ३८९ ची होती.

इंजिन दुसऱ्या गाडीतून आणूनही बसवलेले असू शकते. कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणारी पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था शुल्क घेऊन मूळ बिलाची नक्कल देते. गृहस्थांनी चॅसी क्रमांक पाठवून ती मागवली. गाडी कारखान्यातूनच जीटीओ म्हणून निघाली होती.

आता हा कागद फक्त त्यांच्याकडे होता. मागितलेली किंमत मोजून गाडी नेली असती, तर कायद्याने त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांच्या भावाने तोच सल्ला दिला. त्या शनिवारी ते तो कागद घेऊन बाईंकडे गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि आठवड्याची मुदत मागितली. आठवड्यानंतर सांगितलेली किंमत जवळजवळ दुप्पट होती. गृहस्थांनी थोडी घासाघीस केली, कारण गंजही तितकाच खरा होता. बाई किंचित उतरल्या. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली सारी रक्कम खरेदीतच गेली.

गाडी सध्या त्यांच्या दुकानामागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. पत्र्याच्या कामाला हात लावायला पैसा नाही. जाम झालेल्या इंजिनात प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून ठेवले आहे. रविवारी दुकान बंद असताना ते लांब दांड्याचा पाना लावून क्रँकला हलका जोर देऊन पाहतात. जबरदस्ती करीत नाहीत, पिस्टनच्या रिंगा तुटतील म्हणून. पाचव्या रविवारी पाना बोटभर सरकला.