विश्रांतीची चिठ्ठी

दिवाळी सरली की वडवणी तालुक्यातील गावे ओस पडू लागतात. माणसे ऊसतोडीला जातात. आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीच्या नावावर मिळते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कोयत्यातील तिशीची बाई हंगाम अर्धा टाकून परत आली. सांधे सुजलेले, गालांवर लाली, केस गळलेले. तिच्या सांधेदुखीला मी आधी साधी वाताची औषधे दिली होती. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात निदान झाले : ल्युपस. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वतःच्या अवयवांवर उलटते, असा हा विकार. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व स्टेरॉइड सुरू झाले. मी माझ्या परीने चिठ्ठीवर लिहिले, ‘पूर्ण विश्रांती’. सहा महिन्यांनी सूज ओसरली, लघवीची तपासणीही निर्दोष आली. पण बाईंना जमिनीवरून हाताच्या आधाराविना उठता येईना. सासू म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर झोपवून ठेवायला सांगितलं.” ते खरे होते. स्टेरॉइडने मांड्यांचे व कमरेचे स्नायू दुबळे होतात. त्यात माझ्या विश्रांतीने भर घातली होती.

फिजिओथेरपिस्टने प्रथम जांघेत दुखते का, हे विचारले. स्टेरॉइडमुळे कधीकधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, त्याची ही खूण, ती नव्हती. मग उपाय सांगितला तो घरातलाच. बाजेवर गोधड्यांच्या घड्या रचून त्यावर बसायचे, हात न टेकता उठायचे. बळ येईल तशी एकेक घडी काढायची. सूर्योदयापूर्वी दहा मिनिटे चालणे, कारण उन्हाने हा रोग भडकतो. दुसऱ्या सकाळी थकवा वाढला, तर व्यायाम कमी. रोग उसळलेल्या दिवशी भार नाही. सांधे आखडू नयेत इतपत हळुवार हालचाल पुरे.

बोटे वाकडी होत असल्याने ती घाबरली होती. आमवातात हाड झिजते. ल्युपसमध्ये बहुधा अस्थिबंध सैल पडतात, म्हणून वाकडे बोट हाताने सरळ करता येते. तिला आधारपट्टी आणि कोमट पाण्यात मूठ उघडण्या-मिटण्याचा सराव दिला. ल्युपसचा थकवा झोपेने हटत नाही. बेताच्या, नियमित व्यायामाने तो उतरतो, हे मला तिच्याकडे पाहून पटले. अर्थात व्यायामाने रोग बरा होत नाही. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, आणि तिच्याही चालू आहेत.

पावसाळ्यात ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात न टेकता उठली. “आता फडात जाऊ का, साहेब?” मी नाही म्हणालो. दिवसभराचे ऊन तिला परवडणारे नव्हते. ती काही वेळ गप्प राहिली. उचल अजून फिटायची होती.