ताण

डिसेंबरात वरुड-मोर्शीकडं कोणी पाहुणा आला, की विहिरीत पाणी असूनही कोमेजलेली संत्र्याची झाडं पाहून हळहळतो. आम्ही आंबिया बहार धरतो, म्हणून पाणी तोडलेलं असतं. थंडी आणि तहान मिळून झाडाला कळीकडं वळवतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो, भारी काळ्या जमिनीत दोन महिनेही लागतात.

ओल उतरू लागली की मुळांत ॲबसिसिक आम्ल तयार होतं, ते खोडातून पानांपर्यंत चढतं आणि पानांची रंध्रं मिटू लागतात. नवती थांबते, वाढीवर खर्च व्हायचं अन्न फांद्यांत साठत जातं. मला यातलं सर्वांत थोर वाटतं ते हे, की पानातलं पाणी पुरतं आटायच्या आधीच मुळांची ही खबर वर पोचलेली असते.

ती आपल्याला वाचता आली पाहिजे. दुपारी पान लोंबलं तर त्यावरून काही ठरवू नये. रात्रीतून मुळं ओल ओढतात, सकाळी पान पुन्हा ताठ. सकाळीही ते उभं राहिलं नाही, रंग फिकटला, थोडी पानगळ सुरू झाली, की ताण बसला. वडील म्हणायचे, "आधी पानाइकडे पाह्य, मंग पान्याचं बोल." मग जानेवारीच्या मध्याला पहिलं हलकं ओलित, म्हणजे आंबवणी, त्यानंतर जरा जास्त पाण्याची चिंबवणी. कळी फुटते ती या परत आलेल्या पाण्यावर.

भारी जमिनीत ताण बसेना तर क्लोरमेक्वाट क्लोराईड फवारतात. त्याला माझी हरकत नाही. पण निचरा न सुधारता दरसाल त्यावरच विसंबणं मला पटत नाही. मुळांशी पाणी साचतं तिथं डिंक्याची बुरशी फोफावते, आणि सडलेलं मूळ खबर तरी काय देणार?

दर्यापूरहून अकोल्याकडं जाताना पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथं मातीत ओल असते, पण क्षारांमुळं ती मुळांना ओढता येत नाही. ओल्या मातीत उभं रोप तहानलेलं राहतं, रंध्रं मिटून घेतं. आम्ही मुद्दाम पाणी तोडून जे झाडाला कळवतो, तेच तिथली जमीन पिकाला नको असताना कळवत राहते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात गेलो की त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांशी मी आवर्जून बोलतो. पान वाचायची नजर त्यांची माझ्याहून तीक्ष्ण असते.

अवकाळी पावसाची मात्र फार धास्ती वाटते. ऐन ताणात एक सर आली, तर काही फांद्यांवर कळी निघते, काहींवर नुसती नवती. बहार मागंपुढं होतो, फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं विस्कटतं. वाफसा आला की वखर घालून ओल उडवायची आणि पुन्हा सकाळची पानं पाहत फिरायचं. म्हणून डिसेंबरात आभाळ भरून आलं, की मी पहिल्यांदा दोन ओळींमधले चर मोकळे करायला घेतो.