डोळ्याचें दुखणें आणि ऐन तारुण्यांतील अर्धांगवायु

अर्धांगवायु म्हटला कीं आपल्यापुढें खाटेवरचे आजोबा उभे राहतात. आमच्या पोशीरच्या घरीं मामंजींना सत्तरीनंतर हा विकार झाला, आणि तेव्हांपासून तो म्हातारपणाचाच सोबती अशी सर्वांची समजूत होऊन बसली. उलट विशी-तिशींतल्या मुलाचा डोळा लाल होऊन अंधुक दिसूं लागलें, तर ‘डोळे आले असतील’ म्हणून आपण गुलाबपाण्यावर निभावून नेतों. त्या डोळ्याचा मेंदूशीं कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

वास्तविक अंगांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहण्याची सोय डोळ्याच्या पडद्याइतकी दुसरीकडे क्वचितच आहे. बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनीं १८८० सालीं तरुण पुरुषांच्या डोळ्यांत वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचें वर्णन केलें. हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षां आपल्याकडे अधिक आढळतो, आणि क्षयाच्या जंतूंशीं त्याचा संबंध असावा असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनीं १९३७ सालीं वर्णिलेल्या विकारांत डोळ्याच्या दाहाबरोबर तोंडांत व गुह्य भागीं व्रण येतात. अशा विकारांत वाहिन्यांचा दाह क्वचित् मेंदूपर्यंत पोंचतो. वाहिनीची भिंत सुजते, मार्ग अरुंद होतो, रक्त गोठतें, आणि ऐन पंचविशींत हात लुळा पडतो.

घाबरण्याचें कारण नाहीं; डोळे लाल होणाऱ्या बहुतेकांना असें कांहीं होत नाहीं. परंतु दृष्टि मंदावली, दुखणें पुनःपुन्हा उलटलें, जोडीला व्रण, तीव्र डोकेदुखी वा हातापायाला बधिरता असली, तर तें सारें नेत्रवैद्यांस सांगावें. मुलें लाजेनें लपवितात. वडीलधाऱ्यांनीं आस्थेनें विचारावें. डोळा निवळला म्हणून दाहशामक गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत.

तोंड वांकडें झालें, वाचा अडखळली, हात उचलेना, तर वय पाहत बसूं नये. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि पोशीरहून नेरळ गांठून पुढें मोठ्या रुग्णालयापर्यंत पोंचण्यांतच त्यांतला बराच वेळ सरतो. म्हणून तेल चोळीत न बसतां तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दुखणें सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि डोळ्यांच्या उपचाराचे कागद बरोबर घ्यावेत. डोळा पाहणारे वैद्य निराळे, मेंदू पाहणारे निराळे. दोघांमधील दुवा घरचें माणूसच असतें.