निवाड्याआधीची पावले

या स्मरणिकेत वसतिगृहातील दिवसांच्या सुखद आठवणी अनेकांनी लिहिल्या असतील. आम्ही दोघे वर्गमित्र मात्र आमच्या एका चुकीविषयी लिहीत आहोत.

दहावीत असताना क्रीडाशिक्षक सरांनी आम्हां दोघांना सॉफ्टबॉलचे पंच म्हणून तयार केले; एकाला होम प्लेटमागे, दुसऱ्याला बेसवर. त्यांचा पहिला धडा नियमांचा नव्हता, पायांचा होता. साधारणतः चेंडू इनफिल्डमध्ये असेल तर बेसच्या पंचाने चौकोनाबाहेर राहावे, आऊटफिल्डमध्ये गेला की धावत आत यावे. चेंडू, क्षेत्ररक्षक, धावपटू आणि बेस हे चारही एका नजरेत सामावले पाहिजेत. फोर्स प्लेसाठी फेकीच्या रेषेशी काटकोन साधून सुमारे १८ फुटांवर उभे राहावे. टॅग प्लेसाठी धावपटूच्या मार्गाशी काटकोन साधून १० ते १२ फुटांपर्यंत जवळ जावे. आणि निर्णयापूर्वी क्षणभर स्थिर व्हावे. सर म्हणत, "पळता पळता पाहिलेले अर्धेच दिसते."

वार्षिक क्रीडास्पर्धेतील अंतिम सामना होता. सातवा डाव, दोन गडी बाद, एका धावेचा फरक. पहिल्या बेसवर सातवीतला एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. पिचरच्या हातून चेंडू सुटताच तो दुसऱ्या बेसकडे धावला. तो वेळेआधी निघाला नाही ना, हे आमच्यातल्या बेसच्या पंचाने नीट पाहिले. पण त्यानंतर तो जागेवरच खिळून राहिला. कॅचरची फेक आली, धुरळा उडाला. पंचाला दिसली ती केवळ धावपटूची पाठ. तरीही हात उंचावून त्याने "आऊट!" असे पुकारले. सामना संपला.

होम प्लेटमागचा पंच जवळजवळ ८५ फुटांवर होता. टॅग करताना चेंडू ग्लोव्हमधून निसटल्यासारखे त्याला वाटले होते. सहकाऱ्याने विचारल्याशिवाय त्याचा निर्णय बदलता येत नाही, हा नियम आम्हांला पाठ होता. एकाने विचारले नाही, दुसऱ्याने सांगितले नाही. जल्लोषात आम्ही दोघेही गप्प राहिलो.

सायंकाळी विहारात वंदना म्हणताना 'एहिपस्सिको' हा शब्द आला आणि आमचे स्वर अडखळले. या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा धम्म आम्ही रोज मुखाने म्हणत होतो. मैदानावर मात्र पाहायला चार पावले गेलो नव्हतो.

वंदना संपल्यावर आम्ही सरांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मैदानात बेसच्या जागी एक वीट ठेवली, दोन मुलांना तोच खेळ पुन्हा करायला लावला आणि आम्हांला आधी जुन्या जागी, मग काटकोनात उभे केले. जुन्या जागेवरून पाठ दिसली. नव्या जागेवरून ग्लोव्ह, चेंडू आणि पाय. मधले अंतर फार तर दहा-बारा पावलांचे होते.

निकाल बदलला नाही. पंचाने डोळ्यांनी पाहून दिलेल्या निर्णयाविरुद्ध खेळात दाद मागता येत नाही. आम्ही त्या मुलाला गाठून क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दादा, तुम्ही पळत आला असता तर दिसलं असतं." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या जागचे न हलता निवाडे दिले गेले, त्या समाजाची आम्ही मुले. दुरून, पाठीमागून, अर्धवट पाहून दिलेला निर्णय कसा सलतो, हे आमच्या आजी-आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आणि हातात अधिकार येताच आम्हीही तेच केले होते.

आज आमच्यातला एक शिक्षक आहे, दुसरा कार्यालयात इतरांच्या अर्जांवर शेरे लिहितो. कोणाविषयी मत देण्याची वेळ आली की आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो : आपण उभे कुठे आहोत? येथून चेंडू दिसतो की केवळ पाठ? दिसत नसेल तर उठून जातो, सोबत्याला विचारतो. कधी उशीर होतो, लोक कुरकुरतात. त्या मुलाचे वाक्य आठवते आणि आम्ही चालू लागतो.