वाइड अँगल, टाइट बजेट

डिजिटलच्या जमान्यात फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याकडे लोक दोन नजरांनी बघतात. अर्ध्यांना तो रसिक वाटतो, अर्ध्यांना कंजूष. प्रत्यक्षात तो बिचारा लेन्सच्या किमती बघून हैराण झालेला असतो. सेकंडहँड बॉडी जमते. पहिली ५० एमएम लेन्सही जमते. घोडं अडतं ते वाइड अँगलपाशी. लायकाची नवी २८ एमएम घ्यायची तर तेवढ्या पैशांत बरी सेकंडहँड गाडी दारात उभी राहील. मग ईएमआय भरणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी करायचं काय?

मला याचं उत्तर सापडलं नांदेड-लातूरच्या तीन दिवसांच्या फेरीत. फेरीला कारणही होतं. औसा तालुक्यात माझ्या आत्याचं घर, जुन्या माळवदाचं. संक्रांतीनंतर ते उतरवायचं ठरलं होतं. ‘पडायच्या आधी फोटो काढून ठेव,’ असा सांगावा आला. आता ५० एमएम घेऊन दहा फुटी खोलीत काय फोटो काढणार? पुण्यातल्या एका मित्राकडे तीन वाइड लेन्स विकायला होत्या. तो म्हणाला, ‘तिन्ही घेऊन जा. वापर. एक ठेव, दोन परत आण.’ बजेट तीस हजार, फाइंडरसकट. असा मित्र सगळ्यांना लाभो!

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजफाइंडरमध्ये एसएलआरसारखा आरसा नसतो. आपण लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. आरसा नसल्यामुळे लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. त्यामुळे वाइड लेन्स छोट्या, हलक्या बनतात आणि सरळ रेषा सरळ ठेवतात. गोम एकच. खिडकीतल्या चौकटी ठराविक लेन्सच्याच असतात. माझ्या फोक्टलेंडर बेसा-आर या कॅमेऱ्यात ३५, ५०, ७५ आणि ९० एमएमच्या चौकटी आहेत. २८ किंवा २१ एमएम लावली की कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फाइंडर बसवावा लागतो. त्याचे पैसे वेगळे. ‘स्वस्त’ लेन्स इथेच महाग होते.

माझ्याकडच्या तीन उमेदवार अशा: ३५ एमएम एफ २.८ ची रशियन ज्युपिटर-१२, फोक्टलेंडरची २८ एमएम एफ ३.५ कलर-स्कोपार आणि त्यांचीच २१ एमएम एफ ४.

नांदेड: उजेड फुकट आहे

रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी नांदेड. आंघोळ, चहा आणि थेट सचखंड श्री हजूर साहिब. गुरु गोबिंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला. आज दिसते ती मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. चपला जमा करायच्या, डोक्याला रुमाल बांधायचा आणि कॅमेरा काढायच्या आधी सेवादारांना विचारायचं. गाभ्याच्या दिशेने जाताना कॅमेरा सरळ पिशवीत. काही गोष्टी डोळ्यांनीच बघाव्यात.

बाहेरच्या आवारात मात्र पांढरा संगमरवर, सोनेरी घुमट आणि डोळे दिपवणारं ऊन. इथेच पहिला फंडा क्लिअर झाला. शंभर आयएसओची फिल्म, एफ ८, एक पाचशेअंश सेकंद. एवढं लख्ख ऊन असताना एफ १.४ ची महागडी लेन्स करायची काय? वाइड लेन्समध्ये सर्वांत जास्त पैसे जातात ते मोठ्या अॅपर्चरसाठी. मराठवाड्यात वर्षाचे आठ महिने सूर्य ते काम फुकट करतो.

दुसरा फायदा फोकसचा. २८ एमएम एफ ८ वर ठेवून अंतर सव्वातीन मीटरवर लावलं की साधारण एक मीटर पासष्ट सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २१ एमएमला तर दोन मीटरच्या आतच अंतर लावायचं. एका मीटरपासून पुढे काळजी मिटली. पण ३५ एमएमला पाच मीटरवर लावूनही अडीच मीटरच्या अलीकडचं सुटतं. म्हणजे गर्दीत २८ वाल्याला फोकस करायची गरजच पडत नाही. निळ्या फेट्यातले एक वयस्कर निहंग समोरून येत होते. मी हात जोडले, कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान डोलावली. क्लिक! पुढे त्यांचा चेहरा, मागे घुमट. दोन्ही धारदार.

याच जागी २१ एमएम लावून बघितली. घुमट एवढासा झाला आणि अर्धी फ्रेम फरशीने खाल्ली. तिथून चालत गोदावरीकाठी नगिना घाटावर गेलो. तिथेही तेच. नदी रुंद, आकाश त्याहून रुंद, माणूस मुंगीएवढा. ‘जास्त मावतं ती लेन्स चांगली’ हा गैरसमज काढायचा असेल तर २१ घेऊन नदीवर जा. वाइड लेन्स दृश्य कोंबण्यासाठी नसते. ती आपल्याला जवळ जायला लावते. जवळ गेलात तर पुढचा माणूस मोठा राहतो आणि त्याच्या मागचं जगही फ्रेममध्ये येतं. मागेच थांबलात तर फोटोत फक्त रिकामी जागा.

लातूर: सोळा रस्त्यांचं गणित

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली. लातूर म्हटलं की आपल्याला बारावीचा ‘पॅटर्न’ आठवतो. फोटोवाल्यांनी मात्र पहिल्यांदा गंजगोलाई गाठावी. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही गोल बाजारपेठ १९१७ मध्ये उभी राहिली. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा, चपला, मिरची, गूळ, प्रत्येक मालाची ओळ वेगळी.

लेन्स निवडायला याहून भारी प्रयोगशाळा नाही. सोळा रस्ते समान अंतरावर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस अंश येतात. आडव्या फ्रेममध्ये ३५ एमएम साधारण ५४ अंश बघते, म्हणजे जेमतेम अडीच रस्ते. २८ बघते ६५ अंश, म्हणजे जवळजवळ तीन. २१ बघते ८१ अंश, म्हणजे साडेतीनच्या वर. तीन लेन्समधला फरक फक्त एका रस्त्याचा! मग वाटतं, एवढ्यासाठी आपण रात्र-रात्र लेन्सचे तक्ते बघत होतो?

पण तो एक रस्ता महत्त्वाचा ठरतो. मिरचीच्या ढिगापाशी ३५ लावून उभा राहिलो तर मिरची आणि मालकीणबाई आल्या, गोलाई गेली. दोन पावलं मागे सरकायला जागा नव्हती, पाठीशी हातगाडा. २१ लावली तर गोलाई आली, पण कडेला उभा असलेला हमाल पार आडवा ताणला गेला. वाइड लेन्स कडेच्या माणसांना अशीच ओढते. २८ लावली आणि मिरची, मावशी, मागे वळत जाणारी कमान, सगळं जागच्या जागी बसलं.

‘काय काढायलाव?’ मावशींनी विचारलं.

‘मिरची काढायलो मावशी.’

‘मिरची घ्यायची का नुसता फोटूच?’

पाव किलो घेतली. वाइड लेन्सचा हा छुपा खर्च आहे, बजेटमध्ये धरून ठेवा. टेलिफोटोवाला रस्त्यापलीकडून फोटो चोरू शकतो. २८ वाल्याला दीड मीटरवर जावंच लागतं. तेवढ्या अंतरावर माणसाशी बोलावं लागतं.

एक टीप इथलीच. कॅमेरा सरळ धरा. इमारतीचा माथा घ्यायला तो वर उचलला की खांब एकमेकांवर कलंडायला लागतात. त्यापेक्षा समोरच्या पायरीवर चढा.

माळवद: छत्तीसचा पाढा

तिसऱ्या दिवशी आत्याचं घर. माळवद म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा असल्याच जड भिंती आणि छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर या भागात माळवदाखाली निवांत झोप लागणं कठीणच झालं. आत्याचं घर उभं राहिलं, पण पावसाळ्यात ती तीस वर्षं ओसरीतच झोपत आली. त्यामुळे ‘जुनं घर पाडू नका’ असलं शहरी लेक्चर मी दिलं नाही. घर पाडणं शहाणपणाचंच होतं. फक्त त्याचा फोटो एकदाच निघणार होता.

इथे एक सोपं गणित उपयोगी पडलं. छत्तीसला लेन्सच्या एमएमने भागा आणि अंतराने गुणा, तेवढी रुंदी फ्रेममध्ये मावते. दहा फुटांवरून ५० एमएमला सव्वासात फूट दिसतात, ३५ ला सव्वादहा, २८ ला पावणेतेरा, २१ ला सतरा. स्वयंपाकघर बारा फूट रुंद. पाठ भिंतीला टेकली तरी ३५ पुरेना. २१ मध्ये सगळं आलं, पण खोली हॉलएवढी दिसायला लागली. आणि ती खोली मोठी कधीच नव्हती. त्या बारा फुटांत सात माणसं जेवायची, हीच तर त्या घराची गोष्ट.

उजेड छतातल्या झरोक्यातून येणारा, एवढाच. चारशेची फिल्म, एफ ३.५, एक पंधरांश सेकंद. एफ १.४ ची लेन्स असती तर जवळपास तीन स्टॉप मिळाले असते, पण त्या स्टॉपांची किंमत माझ्या बजेटच्या बाहेर होती. त्याऐवजी खांबाला खांदा टेकवला, श्वास रोखला. रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नाही, त्यामुळे एवढ्या कमी वेगातही फोटो हलत नाही.

आत्या चुलीपाशी बसली होती. मी तिला मधे घेतलं, कडेला नाही. ‘एवढा जवळ काय यायलास रे?’ ती म्हणाली. मग मागे वळून बघितलं. ‘मी अर्धी आले तरी चालंल. उतरंड येऊ दे सगळी. सासूबाईंनी लावलेली हाय.’ २८ मध्ये आत्याही पूर्ण आली, उतरंडही.

मग घ्यायची कुठली?

मी २८ ठेवली. तुमची निवड वेगळी असू शकते. बजेट अगदीच कमी असेल तर ज्युपिटर-१२ घ्या. ती सर्वांत स्वस्त आणि ३५ ची चौकट बहुतेक कॅमेऱ्यांत असल्याने फाइंडरचे पैसे वाचतात. फक्त तिची मागची काच खूप आत जाते आणि काही कॅमेऱ्यांत टेकते. घेण्याआधी आपल्या बॉडीवर लावून बघाच. नवी कोरी हवी असेल तर टीटीआर्टिसनची २८ एमएम एफ ५.६ आहे. उन्हात झकास, माळवदात दम तोडेल. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम्स आणि जीएसटी धरूनच हिशेब करा.

शक्यतो जुन्या स्क्रू माउंटची लेन्स घ्या. साध्या अॅडाप्टरने ती पुढे लायका एम माउंटवरही बसते. उलटं होत नाही. सेकंडहँड लेन्स टॉर्चसमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर नमस्कार करून परत द्या. आणि डिजिटल लायका एम८ वाल्यांनो, तुमचा सेन्सर लहान आहे. २८ चं काम हवं असेल तर तुम्हाला २१ च घ्यावी लागेल.

बाकी लेन्स घेण्याआधी एक करा. ज्या खोलीचा, ज्या बाजाराचा फोटो हवाय तिथे टेप घेऊन उभे राहा. छत्तीसचं गणित मांडा. आणि उतरंड मावते का ते बघा.