बारीक पायाचे बूट

पायांबद्दल माणसं फारशी बोलत नाहीत. चेहऱ्याबद्दल बोलतील, केसांबद्दल तर तासन्‌तास बोलतील, पण पाय म्हणजे दुखायला लागल्याशिवाय आठवायचेच नाहीत असं काहीतरी असावं. मी मात्र गेली कित्येक वर्षं पायांचाच विचार करते आहे. कारण सोपं आहे. मला डोंगर चढायला आवडतं, आणि माझ्या पायाचा बूट मिळत नाही.

माझ्या पायांची लांबी चारचौघींसारखी आहे, २४ सेंटीमीटर. पण रुंदी जेमतेम ८, टाच निमुळती, आणि पायाच्या वरचा उंचवटा जवळजवळ नाहीच. थोडक्यात, बुटाच्या आत पायाने जेवढी जागा भरायला हवी तेवढी माझा पाय भरत नाही. आजी म्हणायची, "पोरीचे पाय हायेत का उलथनी?" हे पाय आले अण्णांकडून. आमच्या घरात जमीन थोडी आणि पाय बारीक, एवढंच वारशाने मिळालेलं आहे. :)

आता गंमत बघा, गावात असताना या पायांचा कधीच त्रास झाला नाही. आमचं गाव ईट. भूम तालुक्यात, बालाघाटाच्या रांगांत. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता, २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव आहे. माळावर मुरूम, कुसळं, सराटे आणि बाभळीचे काटे. खाली रानात काळी माती, जी पावसाळ्यात चपलेला अशी चिकटते की प्रत्येक पायाला किलोभर ओझं होतं. अण्णा आयुष्यभर टायरच्या चपला घालून औतामागे चालले. नवीन चपला आणल्या की आधी बाजारात बसणाऱ्या मामांकडे जायच्या. मामा अण्णांना चप्पल घालून उभं करायचे, पट्ट्यात बोट घालून बघायचे, पट्टा उसवायचे, आवळायचे आणि परत चुका ठोकायचे. पाच मिनिटांचं काम. पाय बारीक असला तर पट्टा आवळायचा, एवढं साधं होतं ते. कोल्हापुरीचंही तसंच. पट्टा आणि अंगठा पायाप्रमाणे बसवून घेता येतो, आणि कातडं वापरून वापरून पायाचा आकार धरतं.

बूट असा नाही. बूट चारी बाजूंनी बंद. तो एका फर्म्यावर ओढून बनवलेला असतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा साचा. तो कुणाच्या पायावरून घेतला, हे बुटाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. डब्यावर असतो फक्त नंबर, आणि नंबर फक्त लांबी सांगतो. आपल्याकडे वापरला जातो तो ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप आलं जवाच्या दाण्याच्या लांबीवरून! अमेरिकेत निदान रुंदीसाठी अक्षरं तरी असतात. तिथे बायकांच्या बुटात 'बी' म्हणजे मध्यम आणि 'दोन ए' म्हणजे अरुंद. तिथल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात पायाची लांबी-रुंदी एकदम मोजणारी धातूची पट्टी बनवली, ती आजही तिकडच्या दुकानांतून दिसते. आपल्या दुकानात विचारतात, "कितवा नंबर?" आणि आपण एक आकडा सांगून मोकळे होतो.

नोकरीसाठी पुण्यात आले आणि ऑफिसातल्या मंडळींबरोबर सह्याद्रीत जायला लागले. ग्रुपमध्ये बुटांवर अखंड चर्चा चालायची. जुनी माणसं हंटर शूजच्या गोष्टी सांगायची. बाकीचे ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांची शपथ घ्यायचे, स्वस्त आणि कातळावर घट्ट पकड, आणखी काय पाहिजे? मी एका दुकानात गेले. (दुकानाचं नाव नको.) बायकांसाठी डोंगरात चालायचे बूट आहेत का, म्हटल्यावर त्याने गुलाबी रंगाचे पळायचे बूट दाखवले. पुरुषांचे सहा नंबरापासून सुरू होत होते. त्याने सहा नंबर चढवला, पुढे अंगठा दाबून बघितला, "एकदम बरोबर आहे मॅडम" म्हणाला आणि नाडी इतकी आवळली की नाडीच्या भोकांच्या दोन्ही रांगा एकमेकींना जाऊन भिडल्या.

त्या बुटांनी कळसूबाई केलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. चढताना टाच आत उचलली जात होती, पण चाललं. उतरताना मात्र बारी गावाकडच्या घसाऱ्यावर पाय बुटाच्या आत पुढे सरकायला लागला. प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या टोकावर आपटायचा. लोखंडी शिड्यांवर तर बूट एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला. एकदा घोटा वळला आणि हात सुटता सुटता वाचला. खाली आल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. पुढच्या महिन्यात दोन्ही गळून पडली. आई फोनवर एवढंच म्हणाली, "कशाला जायचं मग?"

खरंच, कशाला जायचं? चार महिने गेले नाही. शनिवारी रात्री बाकीचे निघायचे आणि मी घरी बसून त्यांचे फोटो बघायचे. नखांचं दुःख नव्हतं हो, नखं येतात परत. पण आपल्या पायांसाठी जगात काही बनवलेलंच नाही, ही भावना फार विचित्र असते.

मग मी वाचायला लागले, विचारायला लागले, आणि एक गोष्ट लक्षात आली जी मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नव्हती. उतारावर अंगठा आपटला की सगळे म्हणतात, बूट लहान आहे, मोठा घे. पण बारीक पायाच्या माणसाचा बूट लहान नसतो, सैल असतो. पायाच्या वरच्या बाजूला जागा रिकामी, म्हणून पाय मागे टाचेत टिकत नाही आणि पुढे घसरतो. मोठा नंबर घेतला की जागा आणखी वाढते आणि पाय आणखी जोरात घसरतो! लहान नंबर घ्यावा तर बोटं सपाटीवरच दबतात. म्हणजे नंबराच्या पट्टीवर पुढे-मागे कितीही फिरा, उत्तर त्या पट्टीवर नाहीच.

मध्यंतरी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचं एक काम वाचनात आलं. त्यांनी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतो. आपण मात्र तिकडच्या अरुंद फर्म्यांवर बेतलेले बूट वापरतो, म्हणून रुंदी मिळावी यासाठी कित्येक लोक गरजेपेक्षा लांब बूट घालतात. यावर उपाय म्हणून त्यांनी 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली आहे, वयानुसार आठ गटांची. वाचून आनंद झाला, आणि मग हसू आलं. देशाला शेवटी स्वतःचं माप मिळणार, आणि त्या मापात माझा पाय आणखीनच हरवणार! सरासरी ही चांगली गोष्ट आहे, तिच्यामुळे पुष्कळांचे पाय सुखी होतील. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं उरतातच. जर्मनीतल्या लोवासारख्या कंपनीने एकच बूट अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तीन मापांत काढला की त्या माणसांची सोय होते. अर्थात त्याची किंमत बघून मी ते पान मिटलं. :)

शेवटी जमलं कसं, ते सांगते. तुमच्यापैकी कुणाचे पाय माझ्यासारखे असतील तर उपयोग होईल. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. डोंगरात घालणार तेच मोजे घालून जायचं. घरी कागदावर उभं राहून दोन्ही पावलं आखून घ्यायची, दोन्ही पाय सारखे नसतात. दुकानात गेल्यावर बुटाच्या आतलं सुटं अस्तर काढून त्यावर उभं राहायचं. पुढे अंगठाभर जागा हवी, पण बाजूला अस्तर फार दिसत असेल तर तो बूट आपला नाही. मग बूट घालून नाडी बांधायची आणि भोकांच्या रांगांकडे बघायचं. दोन्ही रांगा चिकटल्या तर समजा, बूट पोटाने मोठा आहे. बायकांसाठी वेगळ्या फर्म्यावर बनवलेला बूट मिळाला तर आधी तो बघायचा, त्याची टाच बहुधा निमुळती असते. आणि दुकानात उतरती फळी नसेल तर जिना असतोच. जिना उतरून बघायचा, पायरीच्या कडेवर बोटं खाली करून उभं राहायचं. दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावं.

नाडीचंही एक तंत्र आहे. पायाच्या वळणावर नाडीला दुहेरी पीळ द्यायचा, म्हणजे खालचा ताण खाली आणि वरचा ताण वर राहतो. सगळ्यात वरच्या दोन भोकांत नाडीचे छोटे फासे करून समोरची नाडी त्यातून ओढायची. टाच जागच्या जागी धरली जाते.

एवढं करून बायकांचे म्हणून मिळालेले बूट बरेचसे बसले. बरेचसे, पूर्ण नाही. वरची रिकामी जागा थोडी राहिलीच. तळाला जाड अस्तर घालून बघितलं तर टाच वर येऊन बुटाच्या खोबणीतून निसटायला लागली. दिवाळीत गावी गेले तेव्हा बूट बाजारातल्या मामांपुढे ठेवले. मामा आता थकलेत, पण बसतात. त्यांनी मला बूट घालून उभं केलं आणि जिभेखाली दोन बोटं सारली. म्हणाले, "पट्टा तर आवळता येत न्हाई. मग आतून भरू की." घोंगडीचा एक जुना तुकडा घेतला, रापीने कातरला आणि बुटाच्या जिभेला आतून आरीने शिवून टाकला. बस्स. पाय वरून दाबला गेला, टाच मागे जाऊन बसली. लोकर घाम पिते, त्यामुळे पाय चिकचिकतही नाही. परदेशात याच कामासाठी जिभेखाली लावायच्या तयार गाद्या मिळतात हे मला नंतर कळलं. मामांनी घेतले वीस रुपये. जास्त द्यायला गेले तर रागावले. त्या बुटांनी नंतर राजगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, आणि नखं शाबूत आहेत.

हे सगळं आज लिहायचं कारण अण्णा. अण्णांना साखर निघून आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला बारीक तार टेकवून विचारलं, "कळतंय का?" अण्णा दुसरीकडे बघत शांतपणे म्हणाले, "कुठं काय लावलंय?" पायाची संवेदना गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. मऊ तळाची, मागून पट्टा असलेली एमसीआरची पादत्राणं किंवा मापाचे बंद बूट. आणि रोज रात्री तळपाय बघायचे.

आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस वहाणा सोडतात. अण्णांनी कधी चुकवलं नव्हतं. त्यामुळे हे ऐकून ते घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पहिले बूट भावाने तालुक्याहून आणले, नंबर बरोबर होता. आठवड्याने आईने अण्णांचे पाय बघितले तर टाचेला रुपयाएवढी जखम. सैल बूट आत घासत होता आणि अण्णांना कळतच नव्हतं. माझं नख गेलं तेव्हा मी ओरडले तरी होते. या पायात ती सोय राहिलेली नाही. साखरेच्या माणसाची अशी जखम चिघळली तर गोष्ट कुठवर जाते, ते गावात आम्ही पाहिलेलं आहे.

जखम भरायला दोन महिने लागले. मग मी सुट्टी काढून आले. अण्णांना कागदावर उभं केलं, पावलं आखली, टाचेची रुंदी घेतली. बार्शीला जाऊन तीन दुकानं फिरले, प्रत्येक ठिकाणी अस्तर काढून अण्णांच्या कागदाशी ताडून बघितलं. चौथ्या ठिकाणी जमले. मामांनी जिभेला घोंगडी लावली, या वेळी आतून शिवण लागू नये म्हणून वर मऊ कातडं चिकटवलं. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, असे बूट वाढवत नेले. दर वेळी काढून पाय बघायचे. लाली नाही. डाग नाही.

यंदा नवरात्रात अण्णा बूट घालून देवळापर्यंत गेले. पायरीशी थांबले. माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून जाड मोजे काढून दिले. "हे चालतंय का?" अण्णांनी विचारलं. "डॉक्टरांना की देवीला?" मी म्हटलं. ते हसले, खाली बसले आणि मोजे घालायला लागले. गाभाऱ्यापर्यंत धरून नेलं मी त्यांना, फरशीवर नजर ठेवून.

असो. फार लांबलं. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय एकदा बघा, एवढंच सांगायचं होतं. आणि त्यांच्या बुटात दोन बोटं घालूनही बघा.